पथ्य हे व्रत नव्हे, शिक्षापद आहे



वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारांतून खीरदान होते. आमच्या वस्तीच्या विहारातही झाले. त्या दिवशी माझ्या आईने तीन वाट्या खीर खाल्ली. यात सांगण्यासारखे काय, असे आपणांस वाटेल. सांगण्यासारखे एवढेच की आईला मधुमेह आहे, आणि त्या दिवसापर्यंत तिने दोन महिन्यांहून अधिक काळ पथ्य पाळले होते. चहातली साखर सोडली होती, भात अर्ध्यावर आणला होता, लग्नाच्या पंगतीत बुंदी पुढे आली तर ती पानावर हात आडवा धरीत असे.

तीन वाट्या खीर खाल्ल्याने जे नुकसान झाले ते थोडे होते. खरे नुकसान दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहात दोन चमचे साखर घातली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आता मोडलंच नं रे बाबा, मग उगं कशाला पाळायचं?" तिसऱ्या दिवशी भाताची मूद पूर्वीएवढी झाली. आठव्या दिवशी डब्यातले लाडू कमी झालेले दिसले. पुढच्या रविवारी ती विहारात आली नाही. वंदनेला बसलेल्या बायका विचारतील, आणि आपल्याला खोटे बोलावे लागेल, म्हणून आली नाही. त्याच सुमारास चपलेने घासून तिच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला, आणि पंधरा दिवस झाले तरी तो भरेना. मधुमेह्याच्या पायाची जखम न भरणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको.

आता विचार करा. एका संध्याकाळच्या तीन वाट्यांनी तो अंगठा धोक्यात आला काय? नाही. त्याला "मोडलंच नं" या दोन शब्दांनी धोक्यात आणले. म्हणून आज मला त्या शब्दांविषयी बोलायचे आहे. आपल्यापैकी कोणी गोड सोडले आहे, कोणी मीठ कमी केले आहे, कोणी वजन उतरवायचे ठरविले आहे. आणि कधी ना कधी, एखाद्या बारशाला, जयंतीच्या जेवणात किंवा रात्री एकट्याने चुलीपाशी बसून, प्रत्येकाचा हात घसरणार आहे. त्या दिवशी काय करायचे, हे आधी कळलेले बरे.

"मोडले" हा शब्द आपल्या घरात आला कोठून? तो व्रताच्या भाषेतून आला. आपल्या आज्या सोळा सोमवार करीत, शनिवार धरीत, नवस बोलत. पंधरा सोमवार पाळले आणि सोळाव्याला चुकून काही तोंडात गेले, तर पंधराही पाण्यात गेले. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. वर देवाचा कोप होईल ही धास्ती. व्रताचा हिशेब असाच असतो. ते संपूर्ण असते, किंवा नसतेच. मधले काही नाही.

आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा काढून टाकला. फार मोठे काम केले. पण देव्हारा निघाला आणि देव्हाऱ्याचा हिशेब मात्र मनात राहिला, असे पुष्कळ घरांत झाले आहे. माझ्या घरात तर झालेच होते. कारण अंगठा दुखू लागल्यावर आई काय म्हणाली? "येत्या सोमवारपासून कडक उपास धरते अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू करते." सोमवारच का? आणि तोपर्यंत काय? तोपर्यंत मोकळीकच. हा सगळा विचार व्रताचा आहे. तो धम्माचा नाही.

धम्माचा विचार कोणता, तो आपण दर रविवारी आपल्याच तोंडाने म्हणतो. पंचशील घेताना आपण प्रत्येक शीलाला "सिक्खापद" म्हणतो आणि शेवटी "समादियामि" म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. येथील शिक्षा म्हणजे दंड नव्हे, शिक्षण. समादियामि म्हणजे मी स्वीकारतो, अंगावर घेतो. यात कोणी वरून हुकूम देणारा नाही, कोणी कोपणारा नाही. शिकणारा आहे आणि शिकण्याचा विषय आहे. आणखी एक गोष्ट पाहा. हे शील आपण एकदाच का घेत नाही? दीक्षेच्या दिवशी घेतले होते ना? मग प्रत्येक वंदनेला, प्रत्येक मंगलप्रसंगी, कोणी निवर्तले तर त्याच्या पुण्यानुमोदनालाही आपण ते पुन्हा का घेतो? कारण हे घेणारा माणूस आहे आणि माणूस घसरतो, हे ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना ठाऊक होते. भिक्षुसंघातही तीच व्यवस्था होती. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्षूंनी एकत्र जमायचे, पातिमोक्खाचे नियम म्हणायचे आणि कोणाकडून दोष घडला असेल तर तो उघड करायचा. भिक्षूंकडून दोष घडणारच नाही अशी भगवंतांची समजूत असती, तर ही पंधरवड्याची सोय त्यांनी कशाला केली असती?

गैरसमज नको म्हणून सांगतो. खीर खाल्ल्याने पंचशील भंगत नाही. पथ्य हे पाच शीलांपैकी नाही, आणि मधुमेह होणे हे पाप नाही. पण भोजनात मात्रा ओळखणे या गोष्टीला भगवंतांनी मोठे स्थान दिले आहे, आणि तिला पाली भाषेत "भोजने मत्तञ्ञुता" असे स्वतंत्र नाव आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की पथ्य पाळायचे ते व्रतासारखे पाळू नका, शिक्षापदासारखे पाळा. व्रत मोडते. शिक्षापद चुकते, आणि चुकले की तेथूनच पुढे शिकायचे असते.

मी मास्तर आहे, म्हणून शाळेतले उदाहरण सुचते. काही मुलांना वहीवर शाईचा डाग पडलेला सोसत नाही. ते पान फाडतात. वहीची पाने जोडीने शिवलेली असतात. इकडचे फाडले की तिकडचे सुटते. मग तेही गळते, त्यावरचा धडा स्वच्छ लिहिलेला असला तरी. वर्षाअखेर अशा मुलाची वही निम्मी उरते. डाग तसाच ठेवून पुढच्या ओळीवर लिहिणाऱ्या मुलाची वही दिसायला बरी नसते, पण तिच्यात सर्व धडे असतात. आईने एका डागासाठी दोन महिन्यांची पाने फाडली होती.

आणि ती दोन महिन्यांची पाने खरोखर फुकट गेली होती काय? येथे वैद्यकशास्त्र काय सांगते तेही ऐका. मधुमेह्याच्या रक्ताची एक तपासणी असते, तिला एचबीएवनसी म्हणतात. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, आणि रक्तात जितकी साखर असेल त्या मानाने ती त्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविते. एका संध्याकाळची खीर तिच्यात थोडीशी दिसेल. दोन महिन्यांचा संयम पुष्कळ दिसेल. आणि "मोडलंच नं" म्हणून घालविलेले दोन महिनेही पुष्कळ दिसतील. आपले रक्तसुद्धा सोळा सोमवारांचा हिशेब ठेवीत नाही. ते रोजचा हिशेब ठेवते.

आता त्या कडक उपासाविषयी. चूक झाली म्हणून देहाला दंड करायचा, ही कल्पना आपल्या रक्तात फार जुनी आहे. सिद्धार्थ गौतमाने हा मार्ग स्वतः चालून पाहिला होता. त्याने अन्न इतके तोडले की शरीराचा सापळा उरला. त्यातून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्याने ते सोडले आणि अन्न घेतले. सुजातेची खीर ती हीच, जिच्या स्मरणार्थ आपण खीरदान करतो. त्याच्याबरोबरच्या पाच परिव्राजकांना वाटले, गौतम घसरला, आता याच्यात राम नाही. ते त्याला सोडून गेले. पुढे सारनाथला त्याच पाचजणांना भगवंतांनी पहिला उपदेश केला, आणि त्याचा आरंभच दोन टोके टाळण्याने केला: देहाचे चोचले हे एक टोक आणि देहाचे हाल हे दुसरे. आठ दिवस लाडू आणि सोमवारी कडक उपास, ही दोन्ही टोके एकाच आठवड्यात झाली. मध्यम मार्ग कोठे राहिला? शिवाय मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम उतरून माणूस घामाघूम होतो, बेशुद्धही पडू शकतो. म्हणून चुकीची भरपाई उपासाने करू नका. पुढचे जेवण वेळेवर आणि मापाने घ्या, गोळी चुकवू नका. भरपाई म्हणतात ती एवढीच.

मापाने म्हणजे कसे, याचे फार सुंदर उदाहरण संयुत्तनिकायात आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी भारी खादाड होता. द्रोणभर तांदळाचा भात तो एका बैठकीला खाई. असाच एकदा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला पापी म्हटले नाही, नरकाची भीती घातली नाही. जो सावध राहून अन्नाची मात्रा जाणतो त्याचे दुखणे हलके होते आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा शिकून घे आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा; तुला रोज शंभर कहापण देईन. पुढे हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. नाळी हे द्रोणाहून पुष्कळच लहान माप. मग एके दिवशी आपल्या हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवीत तो म्हणाला की भगवंतांनी माझ्यावर दोन्हीकडून दया केली, या लोकी आणि परलोकीही.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली: गाथा प्रत्यक्ष बुद्धांच्या मुखातून ऐकूनही राजाला ती एकदा ऐकून पुरली नाही. पुरली असती तर रोज शंभर कहापण कशाला मोजले असते? मग आपल्याला डॉक्टरांचे एकदाचे सांगणे पुरत नाही, यात लाज कसली? दुसरी: तो एका दिवसात द्रोणावरून नाळीवर आला नाही, हळूहळू आला. अट्ठकथेत तर असे सांगितले आहे की सुदस्सन शेवटच्या घासाला गाथा म्हणे, राजा तेवढा घास ठेवून देई, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तांदूळ कमी शिजे. एक घास! तिसरी: आठवण देण्यासाठी त्याने आपलेच माणूस नेमले, आणि ते माणूस गाथा म्हणे. ते टोमणे मारीत नसे.

ही तिसरी गोष्ट लिहिताना मला माझी चूक कबूल केली पाहिजे. लाडू कमी झालेले दिसले तेव्हा मी आईला सर्वांदेखत बोललो. "तुला सांगून काय उपयोग" असे म्हणालो. त्यानंतर ती लपवून खाऊ लागली. सम्यक वाचेवर विहारात बोलणारा मी, स्वयंपाकघरात घसरलो. मी शिकलो ते तिच्या कष्टावर, आणि त्याच शिक्षणाचा सोटा करून तो तिच्यावरच उगारला. आईची चूक खिरीची होती. माझी चूक तिच्याहून मोठी होती.

त्या रात्री तिने मला एक प्रश्न विचारला. तो तुमच्याही घरातील म्हातारी माणसे विचारतील. ती म्हणाली, "आयुष्यभर पोटभर मिळालं नाही. आता मिळतंय, तर तू म्हणतोस खाऊ नको." याला उत्तर देणे सोपे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी दारोदार भाकरी मागितली, उष्टे खाल्ले. ज्यांना कोणी कपाने चहा दिला नाही, त्यांना चहा नाकारणे जड जाते. आपल्याकडे भरलेले ताट म्हणजे मान आहे. हे ज्याला कळत नाही त्याने आपल्या माणसांना पथ्य सांगू नये.

पण मी तिला महाडची आठवण दिली. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. कोणाला सांगितले? ज्यांच्या घरात उद्याची भाकर नव्हती त्यांना. म्हणजे आपल्या लोकांनी मानासाठी अन्न सोडले आहे, भुकेल्या पोटी सोडले आहे. तेव्हा "नको" म्हणणे हा आपल्याकडे गरिबीचा नव्हे, स्वाभिमानाचा शब्द झाला. आज आपण साखरेला "नको" म्हणतो ते कोणी हिरावून घेतले म्हणून म्हणत नाही. आपले पाय, आपले डोळे, आपली मूत्रपिंडे आपली राहावीत म्हणून आपण होऊन म्हणतो. स्वतः बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत शरीर साथ देत नसताना त्यांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे काम पुरे केले. तो 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. देह हे साधन आहे, ते जपायचे असते, हे आपण त्यांच्या त्या वर्षांकडे पाहून शिकावे.

कोणी शंका काढील, "मास्तर, मग तर बरेच झाले. रोज खा आणि रोज समादियामि म्हणा!" शंका रास्त आहे. तिचे उत्तर मज्झिमनिकायात, भगवंतांनी राहुलाला केलेल्या उपदेशात आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात जे थोडे धम्मोपदेश सर्वांनी ऐकावेत म्हणून नावाने सांगितले, त्यांत राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी, तर पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कर्म पाहून करावे, असे भगवंत राहुलाला सांगतात. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. करताना चूक दिसली तर तेथेच थांबावे. करून झाल्यावर दिसली तर जाणत्या माणसापुढे ती उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. म्हणजे घसरल्यावर नुसते पुन्हा "घेतो" म्हणून भागत नाही. पाहावे लागते, सांगावे लागते, बंदोबस्त करावा लागतो.

पथ्याला हे असे लावा. पहिल्या वाटीनंतर भान आले, तर दुसरी घेऊ नका. "एक खाल्लीच आहे" हे दुसरीचे कारण होऊ शकत नाही. तिन्ही खाऊन झाल्या, तर त्याच दिवशी घरात कोणाला तरी सरळ सांगा: मी तीन वाट्या खाल्ल्या. लपविलेली चूक वाढते, सांगितलेली चूक थांबते. मग शोधा, हात का घसरला. आईचे आम्ही शोधले, तेव्हा कळले की त्या दिवशी ती सकाळपासून विहाराची झाडलोट करीत होती आणि दुपारी जेवलीच नव्हती. भुकेल्या पोटी पातेल्यापाशी वाढायला बसली. म्हणजे दोष जिभेचा कमी आणि रिकाम्या पोटाचा अधिक होता. आता असा कार्यक्रम असला की ती घरून भाकरी-भाजी खाऊन निघते. हा बंदोबस्त. भाकरीही मापाने हं. ज्वारीची आहे म्हणून चार चालतात असे नाही.

आणि सोमवारची वाट पाहू नका. पौर्णिमेची नको, जयंतीची नको, नव्या वर्षाची नको. घसरल्यानंतरचे पहिले ताट, तोच आपला आरंभाचा मुहूर्त. मुहूर्त तर आपण मानीतच नाही!

घरातल्या इतरांना एक सांगणे. जो पथ्य पाळतो आहे त्याचे तुम्ही सुदस्सन व्हा, पहारेकरी होऊ नका. विहारांच्या कार्यकर्त्यांनाही विनंती आहे की खीरदानाला एक लहान पातेले बिनसाखरेच्या दुधाचे, नाही तर ताकाचे ठेवावे, आणि वाढताना "घ्या हो, एका दिवसाने काय होते" असा आग्रह करू नये. दान हे घेणाऱ्याच्या हिताचे असावे.

आमच्या घरी सुदस्सनाचे काम आता माझ्या धाकट्या मुलीकडे आहे. भात वाढताना ती "आजी, माप?" एवढेच विचारते. आई कधी हसते, कधी रागावते, कधी मापाहून जास्त घेते आणि तसे सांगते. अंगठ्याची जखम भरत आली आहे, पण पूर्ण भरलेली नाही. रोज पाय धुऊन, कोरडा करून पाहावा लागतो. मागच्या रविवारी ती विहारात आली आणि वंदनेनंतर बायकांना स्वतःच म्हणाली, "त्या दिशी मी तीन वाट्या खाल्ल्या होत्या बरं का." दोघीतिघी हसल्या. मग एकीने हळूच सांगितले की तिने चार खाल्ल्या होत्या, आणि तिलाही गोळ्या चालू आहेत.

येत्या रविवारी आपण पंचशील घ्याल तेव्हा "समादियामि" हा शब्द सावकाश म्हणा. मागच्या आठवड्यात जे चुकले ते आठवून म्हणा. आणि घरी जाऊन पहिल्या ताटापाशी तोच शब्द मनात पुन्हा म्हणा.

भवतु सब्ब मंगलं.